बेगमी आणि चढाई

मराठी माणसाला लढाईची गोष्ट फार आवडते आणि लढाईचा जमाखर्च मुळीच आवडत नाही. तलवार म्यानाबाहेर आली की त्याचे कान टवकारतात. पण कोठारात दाणा किती होता, वैरण कोणी साठवली, चुना कुठे भाजला, पाथरवटांना मजुरी कोणी दिली, असे प्रश्न निघाले की त्याला जांभई येते. ही आवडनिवड करमणुकीपुरती राहिली असती, तर ऐन दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचे मला काही कारण नव्हते. परंतु हीच खोड आपण शिवचरित्राला लावली, तिथून ती मुलांना लागली, आणि आता ती आपल्या सार्वजनिक कामांतही दिसू लागली आहे. तेव्हा या खोडीशी एकदा उघड भांडण करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

भांडणाला निमित्त झाले एका खेळाचे. मी मालवण तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. आमच्या वरच्या वर्गातल्या काही मुलांना संगणकावरच्या 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचे वेड आहे. मधल्या सुटीत दोघांचा कडाक्याचा वाद चालला होता. एकाचे म्हणणे, खेळ सुरू होताच तीन-चार शिपाई करावे आणि शत्रूच्या गावात घुसावे. दुसऱ्याचे म्हणणे, आधी गाव वाढवावे, कोठार भरावे, मग बाहेर पडावे. दोघेही हटेनात. शेवटी पहिल्याने ब्रह्मास्त्र काढले. मला म्हणाला, "बाई, म्हाराज काय लाकडां मोजीत बसाक नाय. घोड्यार बसले आणि गेले!" भोवतालच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. त्या मुलाशी माझे भांडण नाही. त्याला हे ज्यांनी शिकवले त्या आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांशी आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. बुद्धिबळात आपली खेळी झाली की समोरचा विचार करीत बसतो आणि आपण सुपारी कातरतो. या खेळात कोणी कोणासाठी थांबत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी हालतात आणि घड्याळ चालूच राहते. अशा खेळांचा साचा १९९२ सालच्या 'ड्यून २' या खेळाने घालून दिला. 'एज ऑफ एम्पायर्स' १९९७ मध्ये आला, त्याचा दुसरा भाग १९९९ मध्ये, आणि तो दुसरा भाग नव्या रूपात आजही खेळला जातो. त्यात आरंभी तुमच्या पदरी असतात तीन गावकरी, टेहळणीचा एक घोडेस्वार आणि गावाची एक मुख्य इमारत. कोठारात धान्य २००, लाकूड २००, सोने १०० आणि दगड २००. एवढ्यावर राज्य उभे करायचे. नवा गावकरी हवा तर ५० धान्य मोजावे लागते आणि तो तयार व्हायला २५ सेकंद लागतात. शिपायांची बराक बांधायची तर १७५ लाकूड. अगदी साध्या शिपायाला मूळ खेळात ६० धान्य आणि २० सोने लागे. पुढे किल्ला बांधायचा तर ६५० दगड. यातले प्रत्येक लाकूड कोणीतरी तोडून आणायचे आणि प्रत्येक दगड कोणीतरी फोडायचा.

आता यातला पेच पाहा. त्या मूळ हिशेबाने तीन शिपाई केले तर १८० धान्य गेले. तेवढ्यात तीन गावकरी होऊन वर ३० उरले असते, आणि ते गावकरी खेळ संपेपर्यंत काही ना काही आणून कोठारात टाकीत राहिले असते. शिपाई घरात काही आणीत नाही. मग तो आधी का करावा? कारण त्या घटकेला समोरच्याकडे नुसते लाकूडतोडे आणि मेंढपाळ असतात. तीन शिपाई त्यांच्यात घुसले की दोघे मरतात, बाकीचे इमारतीत लपतात, आणि लपलेला माणूस लाकूड तोडीत नाही. समोरच्याचे काम थांबले, आपले चालू राहिले, हीच कमाई. याला मुले 'रश' म्हणतात; आपण झडप म्हणू. उलट, शिपायाचे नावही न काढता गावकरीच वाढवीत नेणे याला ती 'बूम' म्हणतात. तिसरा एक प्रकार आहे, चहूकडे भिंत घालून आत बसण्याचा. त्याला कासवाचे नाव दिले आहे. जाणत्या खेळाडूंचा ठोकताळा असा की, झडप घालणारा वाढीच्या लोभ्याला मारतो, भिंत घालणारा झडपेला थोपवतो, आणि लोभी सावकाश वाढून भिंतीतल्याला गिळतो. तिघांतला कोणीही सर्वकाळ जिंकत नाही. झडप फसली तर घालणाराच मागे पडतो, कारण त्याने गावकऱ्यांऐवजी शिपाई केलेले असतात.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. जुन्या देशी बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाता येई. मोहरी बाहेर पडायला वेळ लागे, आणि आधीच वजीर बाहेर काढून राजाला शह देत सुटणाऱ्या उतावळ्याला ओसरीवरचे म्हातारे गालात हसत घरी पाठवीत. वजीर अडकला की डाव संपलाच. तीच ही विद्या; पट बदलला आणि घड्याळ आले, एवढाच फरक.

या खेळावर पालकांचे तीन आक्षेप असतात: डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो आणि मुले मारामारी शिकतात. पहिले दोन मला मान्य आहेत. रात्री अकरापर्यंत पडद्याला डोळे लावून बसणाऱ्या मुलाची वकिली मी करणार नाही. तिसरा आक्षेप मात्र खेळ न पाहता घेतलेला आहे. या खेळात जिंकणारे मूल बहुतेक वेळ घर सांभाळीत असते. लाकूड कमी पडेल का, शेत पेरले का, रिकामा बसलेला माणूस कोणता, ही चिंता ते करीत असते. आमच्या कोकणात हेच काम वैशाख-ज्येष्ठात प्रत्येक घरची बाई करते. रातांब्यांची आमसुले वाळवायची, फणसाची साठे घालायची, सुके बांगडे आणि जवळा डब्यांत भरायचा, मसाला कुटून ठेवायचा, लाकूडफाटा आणि शेणी पडवीत रचायच्या, घर शाकारून घ्यायचे. मिरगाचा पाऊस लागला की पुढचे चार महिने दाराबाहेरचे काहीच हुकमी नसते. याला आम्ही बेगमी म्हणतो. ज्या घरी बेगमी झाली नाही त्या घरच्या पुरुषाने नारळी पौर्णिमेला कितीही शौर्याने होडी लोटली, तरी तोवर घरात उधारीच्या वह्या भरलेल्या असतात.

आता त्या टाळ्यांचा विचार करू. महाराज लाकडे मोजीत बसले नाहीत, हे खरे आहे काय?

प्रतापगडापासून पाहू. जावळी १६५६ च्या जानेवारीत हाती आली. तिच्या पाठोपाठ भोरप्याच्या डोंगरावर किल्ल्याचे काम निघाले आणि मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली ते तडीस गेले. अफजलखानाची भेट झाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी. म्हणजे विजापूरच्या दरबारात खानाने विडा उचलण्याच्या आधीच त्याला जिथे यावे लागणार होते ती जागा बांधून तयार होती. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली, तेव्हा ती पाहायला रांगा लागल्या. लागोत, पाहण्यासारखीच वस्तू आहे. पण त्या डोंगरावर चिरे चढवणाऱ्या बेलदाराची छिन्नी कोणी आणून ठेवली असती तर आपण रांग लावली असती काय? शामियान्यातली ती घटका सर्वांना पाठ आहे. तिच्या मागची तीन वर्षे कोणाला आठवत नाहीत.

पण इथेच थांबले तर मी दुसऱ्या मुलाच्या पक्षात गेले असे होईल, आणि तोही माझा पक्ष नव्हे. कारण भेटीनंतर काय झाले तेही पाहिले पाहिजे. खान पडल्यावर महाराज प्रतापगडावर विसावा घेत बसले नाहीत. अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा त्यांच्या ताब्यात होता. विजापूरकरांना सावरायला उसंतच मिळाली नाही. ही झडप अस्सल होती, आणि ती ज्या घटकेला घालायची त्याच घटकेला घातलेली होती. बेगमी झाली म्हणून माणूस बाहेर पडला, आणि बाहेर पडायचेच होते म्हणून बेगमी केली होती. दोन्ही एकाच वहीची दोन पाने. मुलांच्या वादात ही दोन पाने फाडून दोघांनी वाटून घेतली होती.

आमच्या मालवणचेच उदाहरण घ्या. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर गेले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्या वेळची पूजा किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी झाली, असे आम्ही पिढ्यान्पिढ्या सांगत आलो आहोत. पाया घालून तीन महिनेही झाले नव्हते, तोच १६६५ च्या फेब्रुवारीत ८५ गलबते आणि ३ मोठी तारवे घेऊन महाराज मालवणाहून निघाले ते दक्षिणेकडे बसरूरवर जाऊन धडकले. किल्ला पुरा होईपर्यंत ते थांबले नाहीत, हे झडपवाल्या मुलाने जरूर सांगावे. पण ती ८५ गलबते काय समुद्राच्या फेसातून वर आली होती? १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यापासून तिकडच्या खाडीत जहाजांची बांधणी चालू होती. आरंभी त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. ते मध्येच काम सोडून गेले, तरी काम सुटले नाही. झाड तोडायचे, ते सुकवायचे, फळ्या पाडायच्या, सुतार बसवायचा, खलाशी तयार करायचा, मग शीड चढवायचे. बसरूरची मोहीम काही दिवसांची होती. तिची बेगमी सात-आठ वर्षांची होती.

आणि जिथे महाराजांना माघार घ्यावी लागली तिथे काय घडले? १६६५ च्या मार्चमध्ये मिर्झाराजे जयसिंग पुण्याला आले. पुरंदरला वेढा पडला, मुरारबाजी देशपांडे पडले. हे सर्व आपल्याला ठाऊक आहे आणि त्यावर आपण डोळेही पुसतो. परंतु जयसिंगांनी त्याच वेळी घोडदळाच्या तुकड्या राजगड, सिंहगड, रोहिडा यांच्या मुलखात सोडल्या. त्यांनी गावे जाळली, रयत आणि गुरे धरून नेली. गडाला दाणा जिथून येतो ते गावच बसवले, की गड किती दिवस लढेल, हा त्यांचा हिशेब होता. संगणकावरचा मुलगा समोरच्याचे लाकूडतोडे मारतो तो हाच हिशेब, फक्त इथे मेलेले लोक खरे होते. जूनमध्ये तह झाला. चार लक्ष होनांच्या मुलखासह २३ किल्ले गेले, एक लक्ष होनांच्या मुलखाचे १२ राहिले. महाराजांचा त्या वेळी पाडाव करणारा माणूस लाकडे मोजणारा होता, हे आपण मुलांना कधी सांगतो?

याच काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तहानंतर महाराज १६६६ च्या मार्चमध्ये आग्र्याला निघाले, तिथे अडकले आणि १७ ऑगस्टला निसटले. इकडे सिंधुदुर्गाचे काम सुमारे तीन वर्षे चालून १६६७ मध्ये पुरे झाले. म्हणजे राजा शत्रूच्या पहाऱ्यात असताना मालवणच्या समुद्रात चिऱ्यावर चिरा चढतच होता. हिरोजी इंदुलकरांनी रचलेल्या या गडाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाचा फेर तीन किलोमीटरांच्या आसपास, बुरूज ४२. पायात शिसे ओतले. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूकडे खारे पाणी असताना आधी गोडे पाणी पाहणारा माणूस घोड्यावर बसून नुसताच गेला नव्हता. राजा घरी नसताना ज्याचे गवंडी कामावर येतात, त्याचे राज्य उभे आहे असे समजावे. पुढे १६६७ ते १६६९ या वर्षांत मोगलांशी मोठे युद्ध नाही, म्हणून आपल्या नाटकांत आणि चित्रपटांत या वर्षांना जवळजवळ जागाच नसते. आग्र्याचे पेटारे संपले की पडदा पडतो, आणि वर उठतो तो १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर. तान्हाजी मालुसरे ज्या दोराने चढले तो दोर त्या गाळलेल्या वर्षांत वळला गेला होता, असे मी म्हणेन.

माझा मुख्य साक्षीदार मात्र एक पत्र आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या लष्करी छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी लिहिलेले. पावसाळा तोंडावर आलेला. महाराज सांगतात ते असे: घोड्यांसाठी दाणा-वैरण सगळ्या पावसाळ्याच्या मापाने साठवली आहे. ती आताच बेहिशेबी उडवली तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेकडे जाल. कोणी कुणब्याचे दाणे आणेल, कोणी गवत, कोणी भाजीपाला. आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. काय हवे ते बाजारातून विकत आणा. यापुढे जे आहे ते वाचून माझ्यासारख्या चूल सांभाळणाऱ्या बाईने हात जोडावे असे आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, आग लागेल, आणि सगळे गवत जळून जाईल.

राज्याभिषेकाच्या तयारीतला राजा उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करीत होता. तो लाकडेच काय, गवताच्या पेंढ्या मोजीत होता. आणि त्या पेंढ्यांच्या मोजणीतच त्याने शिपाई आणि शेतकरी यांचे नाते मोजले होते. हे पत्र छापलेले आहे, कोणालाही वाचता येते. परंतु गावोगावच्या व्याख्यानांत तलवारीच्या खणखणाटाला जेवढ्या टाळ्या पडतात तेवढ्या या उंदराला पडत नाहीत, म्हणून व्याख्याते त्याला वगळतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात अफजलखान दरवर्षी मरतो. हिरोजी इंदुलकराचे काम करायला मुलगा मागितला, तर घरून विचारणा होते की त्यात भाषण किती आहे.

कोणी म्हणेल, एवढे कशाला मनाला लावून घ्यायचे? गोष्ट रंजक हवी, मुलांना शौर्य कळले म्हणजे झाले. नाही, तेवढ्याने होत नाही, आणि ते आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर सर्वांनी पाहिले आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, राजकोटावर महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मध्ये नऊ महिनेही गेले नव्हते. पुरता एक पावसाळा त्याला काढता आला नाही. दोष कोणाचा, हे ठरवणे चौकशीचे आणि न्यायालयाचे काम. त्यात मी पडत नाही. २०२५ च्या मे महिन्यात त्याच जागी आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला, तो दीर्घायुषी होवो. माझा प्रश्न लोकांच्या चर्चेविषयी आहे. पहिल्या वेळी बोलणे चालले ते उंचीचे आणि पाहुण्यांचे; दुसऱ्या वेळीही उंचीची फुटे आधी छापली गेली. या किनाऱ्यावर आषाढातला वारा कसा असतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मिरगाआधी झोपडीचे छप्परही आवळून बांधणाऱ्या मुलखात पायाची चौकशी चव्हाट्यावर झाली नाही, कारण पायाची चौकशी करणे हे शौर्याचे काम आहे असे आपल्याला कोणी शिकवलेच नाही. आणि पुतळ्यासमोरच, हाकेच्या अंतरावर, साडेतीनशे पावसाळे अंगावर घेतलेला तट उभा होता. २०२५ च्या जुलैमध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत तो आहे. तो मान मिळाला त्या वेळीही मिठाई वाटली गेली. तटाला उगवलेली झाडे उपटायला किती हात लागतील, याची मोजणी मागून होईलच.

बेगमीची बाजू घेतली म्हणून कासवाची बाजूही घ्यावी, असे मात्र कोणी समजू नये. जंजिऱ्याचा सिद्दी हा कासवाचा उत्तम नमुना. त्याची भिंत कोणालाच घेता आली नाही. महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभा केला, तरी जंजिरा पडला नाही. पण तो वाढलाही नाही. एक लहानसे संस्थान म्हणून राहिला आणि १९४८ मध्ये विलीन झाला. आम्हा कोकणी माणसांत या सिद्दीचा अंश बराच आहे. कणगी भरली, छप्पर शाकारले, की आम्ही ओटीवर बसून पावसाकडे पाहतो. आणि पाऊस गेल्यावरही उठत नाही. बेगमी ज्यासाठी करायची ते पुढचे पाऊल न टाकणाऱ्याची कणगी शेवटी उंदीरच खातात. त्या मुलाच्या घोड्यावर बसण्याच्या हौसेत मला दोष दिसत नाही. घोडा काय खाऊन उभा आहे, एवढे त्याने विचारावे.

खेळाचीही बाजू मी आंधळेपणाने घेणार नाही. त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती मुलांना सांगितली पाहिजे. त्या पडद्यावरचे जंगल कोणाचेच नसते. गावकरी मजुरी मागत नाही, त्याची बायको आजारी पडत नाही, आणि झाड तोडले तर त्याचा मालक दारात येऊन उभा राहत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात आरमाराच्या लाकडाविषयी जे सांगितले आहे ते या खेळाच्या कर्त्यांना सुचले नाही. सागवान तोडायचे ते परवानगीने. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, पण त्याला हात लावू द्यायचा नाही, कारण ती झाडे एक-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडायचे. लाकूड मोजण्याच्या पुढची ही पायरी आहे: लाकडामागचा माणूस मोजणे. खेळ पहिली पायरी शिकवतो, दुसरी शिकवत नाही. ती आपण शिकवायची.

तेव्हा पालकांना माझे सांगणे असे. मुलाच्या हातून खेळ हिसकावून घेऊ नका. वेळ बांधून द्या आणि एखादे दिवशी शेजारी बसून विचारा: तुझे गावकरी किती झाले? यातले रिकामे किती? शिपाई आत्ताच का केलास? तो उत्तर देऊ लागला की समजा, तो इतिहास शिकू लागला. मग त्याला चिपळूणच्या छावणीतल्या उंदराची गोष्ट सांगा. आणि घाटावरच्या ज्या घरांत मुले अंगणात मातीचा किल्ला करीत असतील, त्यांनी यंदा एक करून पाहावे. बाजारातून आणलेले मावळे तटावर उभे करण्याआधी गडावर विहीर खणावी, कोठार बांधावे, गवताची एक गंजी रचावी, आणि गंजीजवळ पणती ठेवू नये. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात. तो जळायला घटका पुरते. पण त्याचा सांगाडा, गवत आणि कागद मुले आधी कित्येक दिवस घरोघर हिंडून गोळा करीत असतात. ही गोळा करणारी मुलेही शूरच आहेत, असे एकदा त्यांच्या तोंडावर म्हणावे. आजवर त्यांना तसे कोणी म्हटलेले नाही.